लिगोर मेस्ताच्या कितरचं कुवेत

लिगोर मेस्त म्हणजे आमच्या चर्चचा संगीत शिकवणारा; त्याच्या घरी व्हायोलिनला हात लावायला दोन वर्षं लागत. तोवर नुसतं सोल्फ. बलकांवावरच्या, म्हणजे घरापुढच्या ओसरीवरच्या, दगडी बाकावर ओळीने बसायचं, उजव्या हाताने हवेत ताल तोडायचा, मात्रा मोजायच्या आणि दो-रे-मी म्हणत राहायचं. चुकलं की मेस्ताची पेरवाची छडी पोटरीवर. का चुकलं ते विचारायचं नाही. विचारलं तर दुसरी छडी. अशी चाळीस वर्षं त्याने गावाला स्वर शिकवले. गोव्याच्या साष्टीतल्या आमच्या गावात ज्याला म्हणून सुरात शिट्टी घालता येते, त्याच्या पोटरीवर मेस्ताची सही आहे म्हणायला हरकत नाही.

सगळ्यात जास्त सह्या त्याच्या स्वतःच्या मुलीच्या पोटरीवर. नाव कितेरिया, गाव तिला कितर म्हणायचं. आई लहानपणीच गेली, वाढवली ती बापाच्या बहिणीने, क्लावदीन तीयने. पोर्तुगीज गेले तेव्हा कितर तेरा वर्षांची. तोवरचं सगळं शिक्षण पोर्तुगीजमधलं, ते एका सुट्टीत कुचकामी झालं. पुढच्या जूनला तिला इंग्रजी शाळेत नवदहा वर्षांच्या पोरांबरोबर बसवलं. बाकाखाली पाय मावत नव्हते. इंग्रजीचा मास्तर उत्तरं सांगायचा, पोरं लिहून घ्यायची, घोकायची. उंटावरचा निबंध कितरला उलटासुलटा पाठ होता. पण मडगावच्या दुकानदाराने इंग्रजीत किती पाहिजे विचारलं तर तोंडाला कुलूप. पुढे खाणीच्या कंपनीत टायपिस्ट झाली तेव्हा साहेबाची पत्रं टंकता टंकता, हा शब्द इथंच का आणि तिथं का नाही, असं स्वतःशी भांडत ती इंग्रजी शिकली. नोकरी सांभाळून बी.ए. पण झाली. कुणी शिकवलं म्हणून नव्हे. वैतागून झाली.

ती सव्वीस वर्षांची असताना मेस्ताला झटका आला आणि उजवा हात गेला. पोरं मात्र संध्याकाळी येतच राहिली. कुणीतरी बसवायला हवं म्हणून कितर बसवू लागली. चार दिवस म्हणता म्हणता तीन वर्षं झाली. ऑफिसातून यायचं, पेज भुरकायची, आणि पंधरा पोरांचे बेसूर ऐकायचे. मेस्त आत खाटेवर पडून ओरडायचा, "तिसऱ्या पोराचा हात बघ गो! ताल तोडतोय की माश्या हाकतोय?"

त्या मे महिन्यात दोन गोष्टी एकदम दारात आल्या. आतेभाऊ मिंगेल कुवेतहून रजेवर आला. येताना कितरसाठी नोकरीचा कागद घेऊन. तेलाच्या कंपनीत टायपिस्ट, राहायला खोली, वर्षातून एकदा घरी. नुसती सही करायची आणि गुरुवारी त्याच्या विमानाआधी कागद त्याच्या हाती द्यायचा. आणि त्याच आठवड्यात विगार पाद्रीने निरोप धाडला. चर्चच्या हायस्कुलात इंग्रजीची जागा रिकामी होती.

विगार म्हणाला, "बाय कितेरिया, कागदावर इंग्रजीच. संगीताला सरकार जागा देत नाही. पण तू आहेसच म्हटल्यावर मोकळ्या तासाला पोरांना चार गाणी बसवून दे. शाळेचा वाढदिवस आहे डिसेंबरात."

"गाणी नको पाद्री. बसवायचं तर सोल्फ बसवते. दोन वर्षं."

"दोन वर्षं?" विगार हसला. "पालकांना डिसेंबरात स्टेजवर पोरगं बघायचंय. बुधवारी चर्चातली मीस, प्रार्थना आटपली की सांग मला."

घरी क्लावदीन तीयने कपाळ बडवलं. "एकोणतीसची झालीस. लग्न नको म्हणालीस, ठीक. कुवेत नको म्हणालीस तर मात्र माझ्या हातची पेज बंद. मास्तरीण होतेय! तुझा बापूस चाळीस वर्षं मेस्त होता, घरात काय आलं? नारळ आणि चर्चच्या पायरीवर लोकांचे नमस्कार."

कितरने बापाकडे बघितलं. तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "कुवेतला जा. शिकवणं हे गाढवाचं काम. मी केलं कारण मला दुसरं येत नव्हतं."

कितरला चीड आली ती याची, की तिघांपैकी कुणालाच ती अख्खी नको होती. विगारला इंग्रजी हवं, तीयला पगार हवा, बापाला तर काहीच नको. आणि तिला स्वतःला काय हवंय हे विचारलं तर तिलाही धड सांगता येत नव्हतं. त्यामुळे ती आणखी चिडत होती.

मंगळवारी आमच्या वाड्यावरच्या खुरसाजवळ, रस्त्याकडेच्या क्रूसापुढे, लदीन होतं; लदीन म्हणजे संतांची नावं गात करायची प्रार्थना. मे महिन्यात घराघराची पाळी असते. त्या दिवशी पाळी शाबी तिवची, म्हणजे शाबीकाकाची. शाबी म्हणजे रेंदेर, माड चढून सूर, म्हणजे माडी, काढणारा, सत्तरीचा, आणि मुख्य चालीला जोड देत दुसऱ्या आवाजात गाणाऱ्या म्हाताऱ्यांचा म्होरक्या. खुरसाला झेंडूच्या माळा, मेणबत्त्या, बाजूला उकडलेल्या चण्यांचं पातेलं आणि फेणीचा कळसा. लदीन व्हायोलिनने धरायचं, आणि एकदा धरलं की मध्ये थांबवायचं नाही. थांबलं तर ज्याची पाळी त्याच्या घराला वाईट, असं आमच्याकडे मानतात.

कितरने दुपारीच व्हायोलिन लावून ठेवलं होतं. चर्चच्या हायस्कुलात नवी बाजाची पेटी आली होती, तिच्याशी एकेक तार ताडून, तंतोतंत. मेस्त पडल्यापासून तीन वर्षं लदीन नुसत्या आवाजांवर चाललं होतं; बापाच्या जागी इतक्या लोकांसमोर ती पहिल्यांदाच उभी राहत होती. बोट ठेवायला जागा राहता कामा नये.

तिने धरलं आणि तिसऱ्या संताच्या नावाला म्हातारे मोडले. शाबीचा आवाज वर जाता जाता फाटला, शेजारचा खोकत सुटला, बायका डोक्यावरच्या ओढणीत तोंड लपवून हसायला लागल्या. कितरने गज आणखी दाबला. आपले स्वर बरोबर आहेत हे तिला छातीठोक माहीत होतं. म्हणजे चूक म्हाताऱ्यांचीच. तिने त्यांना ओढत न्यायचा प्रयत्न केला आणि ते बिचारे कसायाच्या दारातल्या बकऱ्यांसारखे ओरडत मागून आले. थांबता येत नव्हतं. पाव तास हे चाललं. शेवटी तर देवालाच दया आली असावी, कारण मेणबत्त्या वाऱ्याने विझल्या आणि लोकांनी शेवटचं कडवं घाईघाईने उरकलं.

"बाईच्या हातचं व्हायोलिन," कुणीतरी चणे खाता खाता म्हणालं. "मेस्ताचं घराणं बुडालं."

"कुवेतला जातेय ना? बरं आहे. अरबांचे कान भाजतील."

कितर व्हायोलिन पेटीत कोंबून निघाली. शाबी तिव काठी टेकत मागून आला.

"थांब गो. रागावू नको. तार वर लावलीस तू."

"वर नाही लावली. पेटीशी ताडून लावली. बरोबर लावली!"

"असेल बरोबर. पण तुझा बापूस खुरसाला यायचा तेव्हा अख्खा एक स्वर खाली लावायचा. आठ वर्षांपूर्वी माझा आवाज फाटला होता, असाच, लोकांदेखत. पुढच्या लदीनाला बघतो तर सगळं खाली. आरामात गायलो. त्याने मला सांगितलं नाही, मी त्याला विचारलं नाही. पुरुषांत विचारत नाहीत असलं." एवढं बोलून तो चणे वाटायला परत गेला.

कितर तरातरा घरी आली. मेस्त बलकांवावर आरामखुर्चीत बसला होता. तिथून सगळं ऐकू आलं होतं.

"ऐकलं मी," तो म्हणाला. "डुकरं मारत होतीस काय तिथे?"

"तार खाली लावायची हे मला का नाही सांगितलंत?"

"विचारलं नाहीस."

"विचारलं तर छडी मारायचात!"

मेस्त डाव्या हाताने खुर्चीची दांडी खरवडू लागला.

"मी सात वर्षांची असल्यापासून तुमच्यापुढे बसलेय, पापा. वीस-बावीस वर्षं. ताल कसा तोडायचा ते सांगितलंत, बोट कुठे ठेवायचं ते सांगितलंत. कशासाठी, ते एकदासुद्धा नाही. म्हाताऱ्यांसाठी स्वर उतरवायचा, ही एवढी शहाणपणाची गोष्ट! तुम्ही गेलात की तुमच्याबरोबर मातीत गेली असती. आणि मी आज लोकांपुढे बरोबर स्वर लावून गाढव ठरले."

"मला माझ्या मेस्ताने तरी कुठे सांगितलं?" म्हातारा करवादला. "ऐकून ऐकून कळलं मला. कळायचं त्याला कळतं."

"आणि ज्याला नाही कळत तो?"

"तो रेंदेर होतो. माड चढतो."

"तो उंटाचा निबंध पाठ करतो," कितर म्हणाली. म्हाताऱ्याला त्यातलं काही कळलं नाही. ती आत गेली, मिंगेलचा कागद टेबलावर होता तो उचलला आणि तीयच्या हातात दिला. "सही नाही करत. मिंगेलला सांग, कुणा दुसऱ्याला ने."

तीयने खरोखरच त्या रात्री तिच्यासाठी पान वाढलं नाही. कितरने स्वतः वाढून घेतलं.

बुधवारी मीस आटपल्यावर ती विगारला म्हणाली, "इंग्रजी शिकवते. आणि संगीतही शिकवते, पण गाणी बसवणार नाही. डिसेंबरात कुणी स्टेजवर उभं राहणार नाही."

"मग संगीताचा उपयोग काय?"

"मोकळा तास द्या, खोली द्या. बाकी मी बघते."

"खोली नाही. गोठ्यामागच्या पडवीत बस."

"पडवी तर पडवी."

निर्णय झाला की माणसाला हलकं वाटतं असं म्हणतात. कितरला तसं काही वाटलं नाही. मिंगेलच्या टॅक्सीचा धुरळा तिने खिडकीतून बघितला आणि आपण मूर्ख आहोत असं तिला तासभर तरी वाटत राहिलं. बापाने आठ दिवस तिच्याशी शब्द काढला नाही. नवव्या दिवशी तो बोलला ते एवढंच, "पडवीत ओल असते. व्हायोलिनच्या लाकडाला लागते."

जूनला शाळा उघडली. आठवीचा वर्ग, चाळीस पोरं, पहिलाच तास इंग्रजीचा. कितरने फळ्यावर एक साधं वाक्य लिहिलं आणि हाताने ताल तोडत ते म्हणून दाखवलं. मग एका शब्दाची जागा बदलली, पुन्हा म्हटलं. आता ते अडखळलं, पोरांनाही ऐकू आलं.

"का अडखळलं?" तिने विचारलं. "घाबरू नका. चुकलं तरी चालेल. का अडखळलं असेल, सांगा."

बाहेर एक कोंबडी ओरडत होती ती सगळ्यांनी मन लावून ऐकली. कितर थांबली. खूप वेळ थांबली. उत्तर सांगून टाकावं आणि मोकळं व्हावं, असं तिच्या अगदी ओठावर आलं. बापाच्या छडीमागे हाच कंटाळा असेल का, असंही मनात येऊन गेलं.

शेवटी पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

"बाय, हे परीक्षेला येणार आहे?"

"नाही," कितर म्हणाली.

चाळीस वह्या एकदम मिटल्या.

"उघडा," ती म्हणाली. आणि तिने तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हटलं.