शेषरावचं पाणी ओढायचं यंत्र

चिखलीत आमच्या घरासमोर शेषराव राहायचा. पोटापाण्याला कापसाच्या बाजारात मापाऱ्याचं काम, उरलेल्या वेळात शास्त्रज्ञ. विकतची वस्तू घेणारा माणूस त्याच्या मते बिनडोक. त्यानं घरी केलेल्या उंदराच्या पिंजऱ्यात एकच जीव अडकला, तो म्हणजे त्याचं स्वतःचं बोट. सूज उतरायच्या आत या गड्यानं दुसरा पिंजरा करायला घेतला.

बायको सिंधूताई मात्र निगुतीची. त्रेसष्ट साली तिच्या भावानं अकोल्याहून पाच सोनेरी मासोळ्या अन् काचपेटी आणून दिली. मूलबाळ नव्हतं, त्या पाचांवर तिचा जीव. दर आठ दिवसांनी पेटीतलं अर्धं पाणी ती लोट्यानं काढायची. तळची घाण ढवळून वर यायची, मासोळ्या सैरभैर व्हायच्या. शेषराव म्हणाला, नळीनं तळातूनच ओढू. बाजारात कोरी रबरी नळी मिळत होती, पण ती घेतली असती तर त्याला शेषराव कोणी म्हटलं असतं?

नळी आली ती त्याच्या स्वतःच्या भावाच्या शेतातली, कपाशीवर विषारी औषध मारायच्या पंपाची. मासोळी आत ओढली जाऊ नये म्हणून टोकाला घरातली चहाची गाळणी बांधली. त्या दिवशी चहा पत्तीसकट प्याले दोघं.

रविवारी त्यानं गल्ली गोळा केली. फुकटचा तमाशा मी कशाला सोडू? गाळणीचं टोक आता पेटीत जाणार, एवढ्यात सिंधूताईनं त्याचं मनगट धरलं.

"वास कायचा येऊन राह्यला?"

"तीनदा धुतली, राखेनं. तुले यंत्रातलं काय समजते?"

पाणी सुरू व्हायला दुसऱ्या टोकाला तोंड लावून एकदा ओढावं लागतं, हे त्यानंच सगळ्यांना शिकवलं होतं. तिनं साध्या पाण्याची बादली पुढं सरकवली.

"मंग आधी याच्यातलं ओढून दाखवा."

शेषरावनं नळी ओठांपाशी नेली अन् थांबला. नळीकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं. मग मलाच म्हणतो, "काका, तुमी ओढता काय?" मी कवळीचं निमित्त सांगून सुटलो.

सिंधूताई हळूच म्हणाली, "तुमच्या तोंडाले चालत नाही, अन् माह्या मासोळ्याले चालते काय?"

गल्लीत कोणी हसलं नाही. मी हसलो. तिनं नळी काढून घेतली, परसात खड्डा करून पुरली, अन् हात साबणानं धुऊन लोटा उचलला.

तेव्हापासून काचपेटीला हात लावायची शेषरावला मनाई. पाहुणे आले की दारातूनच बोट दाखवून सांगायचा, यंत्र पक्कं तयार होतं, बायकोनं चालू दिलं नाही.