भांडणाचं कारण नाटकात नाही

वऱ्हाडचा कारभार नागपुराहून चालायचा तेव्हाची गोष्ट. मी खामगावच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होतो. वय चोवीस, राग नाकाच्या शेंड्यावर, आणि आपल्याइतकं वाचलेला माणूस अख्ख्या जिल्ह्यात नाही अशी पक्की खात्री. गावातलं एक साप्ताहिक माझ्याकडून नाटकांची परीक्षणं लिहून घ्यायचं. खाली माझं नाव छापून यायचं, आणि मी त्या आठवड्यात बाजारातून जरा सावकाश चालायचो, कोणी ओळखलं तर बरं म्हणून.

उन्हाळ्यात कापसाची जिनिंग बंद झाली की तिच्या आवारात हौशी मंडळींचं नाटक व्हायचं. त्या वर्षी त्यांनी इंग्रजीतलं ते नावाजलेलं दुःखान्त नाटक घेतलं. दोन घराण्यांचं वैर, त्या घरांतली एकमेकांवर जीव जडलेली कोवळी पोरं, चोरून लग्न आणि शेवटी दोघांचंही मरण. रूपांतर करणाऱ्या वकिलानं दोन्ही घराणी सरळ वऱ्हाडी देशमुखांची करून टाकली होती. नायिका झाले होते पोस्टातले कारकून. कापसाच्या गठाणी रचून माडी केली होती, तिच्यावर ते उभे राहिले आणि पहिल्यांदा पदर सावरला तेव्हा लोक हसले. दुसऱ्यांदा कोणी हसलं नाही. शेवटी माझ्या शेजारचा अडत्या उपरण्यानं डोळे पुसत होता. खरं सांगायचं तर मीही रडलो. पण परीक्षणकर्त्यानं रडल्याचं लिहायचं नसतं, अशी तेव्हा माझी समजूत होती.

मग लिहिलं काय? लिहिलं की, दोन घराणी एकमेकांच्या जिवावर का उठली हे नाटककार सांगतच नाही. भांडणाचं कारण नाटकात नाही, ही रचनेतली मोठी उणीव. आणि पुढे नायकाची हजेरी घेतली. हा तरुण भिंतीवरून उड्या मारतो, तलवार चालवतो, विष पितो, पण आपल्या बापापुढे उभं राहून एक वाक्य बोलत नाही. अशा भित्र्याची प्रेक्षकानं कीव का करावी? संपादकांनी पाठ थोपटली. वकील महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत, त्याचा तर मला फारच आनंद झाला.

शाळेला सुट्टी लागली आणि तो अंक घेऊन मी संग्रामपूरकडच्या आमच्या गावी गेलो. मायला वाचता येत नव्हतं. ती अंगणात बाजेवर शेवया वाळत घालत होती, तिथं बसून मी तिला अख्खं परीक्षण वाचून दाखवलं. तिला परीक्षणाशी काही घेणं नव्हतं. तिनं आधी गोष्ट विचारून घेतली, सगळी, कोण कसं मेलं इथपर्यंत. मग म्हणाली, "पोट्टी तं उगीच मेली बिचारी." थोड्या वेळानं शेवयांवर फडकं टाकता टाकता म्हणाली, "अन् तू लिवलं का भांडनाचं कारन नाही. मंग आपलं काकाच्या घरासंग कायनं बिनसलं? सांग बरं."

काकाचं घर गल्लीच्या पलीकडच्या तोंडाला. बाबांचा तो सख्खा धाकटा भाऊ. मी बारा-तेरा वर्षांचा असल्यापासून दोघांत बोलणं नव्हतं. मी म्हटलं, धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून. माय म्हणाली, "धुरा तं मांगून निंघाला. त्याच्या आंधी?" मी म्हटलं, बैल दिला नाही पेरणीला. "ते त्याच्याईनंतर." मी चिडलो आणि म्हणालो, नाटकाचं वेगळं असतं, माय, तुला नाही कळायचं. तिला माझ्याहून जास्त कळत होतं, हे मला कळायला बराच काळ जावा लागला.

दुसऱ्या दिवशी मागच्या दारानं काकाची मुलगी आली. ती एकुलती एक, पाठीवर भाऊ नाही. तिचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. आमच्याकडं लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. आमच्या बहिणीला नीट सांभाळ, असं सगळ्यांदेखत बजावायचं असतं ते. सख्खा नसेल तर चुलतभाऊ. तिला चुलतभाऊ एकच, मी. लहानपणी माझ्या पाटीवर गिरवून ती अक्षरं शिकली होती. दारातच उभं राहून ती म्हणाली, "भाऊ, कान पिळायले येशीन ना? दुसऱ्या कोनाले म्हनाव वाटत नाही मले."

मी म्हटलं, "पाहू."

तिचा चेहरा मला अजून दिसतो. ती नाराज नाही झाली. तिला ते 'हो'च वाटलं.

संध्याकाळी बाबा ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. मी जाऊन समोर उभा राहिलो. मायनं आधीच त्यांच्या कानावर घातलं असावं, कारण मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "त्याच्या पोरीच्या मांडोत ह्या घरचं पाऊल पडनार नाही." अडकित्ता चालूच होता. मी मग "बरं" म्हणालो आणि आत गेलो. झालं. आठ दिवसांत पुन्हा तो विषय मी काढला नाही. बाबांनीही काढला नाही. ते एकदोनदा माझ्याकडं बघत बसले होते, एवढं मात्र आठवतं.

लग्न सकाळचं होतं. वाजंत्री सुरू झाली ती आमच्या माजघरात सरळ ऐकू येत होती. मी पुस्तक उघडून बसलो. बाबांनी त्या दिवशी पहाटेच आंघोळ करून धुतलेलं धोतर नेसलं होतं आणि ते शेतावर न जाता दारातच बसून होते. मंगलाष्टकं झाली. बराच वेळ गलका झाला, मग हशा पिकला. दुपारी आमच्या दोन्ही घरच्या गाद्या भरणारा मुसलमान पिंजारी दारावरून गेला. डोक्यावर मानाचा कोरा फेटा. काकाच्या मुलीला लहानपणी खांद्यावर घेऊन हिंडलेला माणूस. ओशाळून मला म्हणाला, "मास्तर, ऐनवेळी पोरीनं मलेच उभं केलं. कान पिळला म्या, पन हे तुमचं काम होतं." मी हसलो. काय करणार? लाज वाटत होती, भयंकर लाज.

उन्हं कलल्यावर तिची बैलांची दमणी आमच्या गल्लीतून निघाली. दारासमोर तिनं ती थांबवायला लावली आणि खाली उतरली. पुढे काका होता, त्यानं मान दुसरीकडं वळवली, पण अडवलं नाही. तिनं बाबांच्या पायावर डोकं ठेवलं. बाबांचा हात तिच्या डोक्यावर गेला तो निघेचना. मग ती मायच्या गळ्यात पडून रडली. माझ्याही पाया पडली, मोठा भाऊ म्हणून. दमणी वेशीकडं गेली.

बैलांच्या घुंगरांचा आवाज थांबेपर्यंत बाबा दारात उभे होते. मग माझ्याकडं वळले. त्यांचे डोळे भरलेले मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

"म्या नाही म्हटलं होतं, बरोबर हाये," ते म्हणाले. "पन तू काऊन नाही गेला बे? मी सकायपासून वाट पाहून राह्यलो होतो, हा कवा उठते म्हनून."