कॅमेरा नको म्हणाली आ-चान

देव्हाऱ्यातल्या माझू देवीच्या गळ्यातली सोन्याची पट्टी गेली, त्या दिवशी आ-चानने पोलिसांना बोलावलं नाही. तिने मला बोलावलं.

माझं तिळाच्या तेलाचं दुकान तिच्या दारासमोरच आहे. पेइगांग गावातली आमची गल्ली इतकी अरुंद की इकडच्या घरात मासा तळला तर तिकडच्या घरात भूक लागावी. आ-चानला मी ती लग्न होऊन आली तेव्हापासून ओळखते. खालच्या खोलीत देव, वरच्या खोलीत भरतकामाचं मशीन. गावातल्या निम्म्या पोरांच्या गणवेशावरची नावं आणि नंबर तिच्या हातचे. नवरा गेला, मुलगी सूहुइ लग्न करून उत्तरेला गेली, मुलगा आ-होंग कामासाठी म्हणून ताइचुंग शहराला. तेव्हापासून ती एकटीच.

मी गेले तेव्हा ती देव्हाऱ्यापुढे उभी होती. देवीच्या गळ्यात नुसता लाल दोरा राहिला होता. त्याआधी नवऱ्याचं घड्याळ गेलं होतं, मग तिच्या बांगड्या. दोन्ही वेळेला ती म्हणाली होती की आपणच कुठेतरी ठेवलं असेल, वय झालं. पण देवीची पट्टी कोणी विसरून दुसरीकडे ठेवत नाही.

दाराचं कुलूप शाबूत होतं. मी ते पाहिलं, आणि मी पाहिलं हे तिनेही पाहिलं.

"मागच्या खिडकीतून आला असेल," ती म्हणाली.



तिने स्वतःहूनच अलार्म बसवणाऱ्या कंपनीला फोन केला. ल्याओ नावाचा माणूस आला, चाळिशीचा, बोलका, हातात जाडजूड माहितीपत्रक. मला तिने मुद्दाम शेजारी बसवून घेतलं. ल्याओने घर वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि चोर कुठून आला होता ते विचारलं. ती त्याला मागच्या खिडकीशी घेऊन गेली. त्या खिडकीच्या गजांना कारल्याचा वेल असा गच्च वेढून बसला होता की मांजरसुद्धा वेल तोडल्याशिवाय आत येणार नाही. एक पानही तुटलेलं नव्हतं. ल्याओने वेलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि "हं, इथेही एक बसवू" एवढंच म्हणाला. भला माणूस होता.

मग खाली बसून त्याने प्रकार सांगितले. नुसता भोंगा हवा तर तो स्वस्त, पण तो वाजला की गल्लीनेच काय ते बघायचं. दुसऱ्यात दारा-खिडक्यांना सेन्सर, भोंगा वाजला की कंपनीत कळणार आणि गाडीतून रक्षक येणार. तिसऱ्यात हे सगळं आणि वर कॅमेरे.

"मावशी, तिसरंच घ्या," तो म्हणाला. "हल्ली कॅमेऱ्याशिवाय कोणी घेत नाही. चोराचा चेहरा स्वच्छ दिसतो. पोलिसांचंही काम सोपं."

"कॅमेरा नको."

"अहो, पैशात फारसा फरक नाही पडत."

"पैशाचं नाही. चेहरा नको मला."

बोलून गेल्यावर तिने चहाचा पेला उचलला आणि रिकामाच तोंडाला लावला. ल्याओ माहितीपत्रकाची पानं उलटत राहिला. तिने दुसरा प्रकार घेतला.

अडचणीला फोन कोणाला करायचा, असं त्याने विचारलं. घरच्यांपैकी कोणी, मुलगा वगैरे? "समोरच्या ताईंना करा," ती म्हणाली आणि माझा नंबर त्याला पाठ म्हणून दाखवला.

दोन दिवसांनी ल्याओ एका जोडीदाराला घेऊन बसवायला आला. भिंतीला भोकं पाडायची होती, म्हणून आ-चानने देव्हाऱ्यावर आपली रेशमी चादर घातली. धूळ उडत होती, ड्रिल किंचाळत होतं, आणि ती जिन्याच्या पायरीवर हात मांडीत घेऊन बसली होती, जणू दाताच्या डॉक्टरकडे आली आहे. दाराशी आकड्यांची पेटी बसली. दार उघडलं की ती टिकटिक करणार. अर्ध्या मिनिटात नंबर दाबला नाही तर भोंगा. ल्याओने तिला नंबर निवडायला सांगितलं. वाढदिवस ठेवू नका म्हणाला, आणि घरात राहणाऱ्यांनाच फक्त सांगा.

"घरात राहते ती मीच," आ-चान म्हणाली.

मग त्याने भोंगा एकदा वाजवून दाखवला. अख्खी गल्ली बाहेर आली. माशाचे गोळे विकणारी तोंडाळ बाई तर झारा हातात घेऊनच आली आणि विचारू लागली की आ-चानकडे एवढं आहे तरी काय, की बँकेसारखा भोंगा लागावा. आ-चान सगळ्यांना वाकून वाकून माफी मागत राहिली.

जाताना ल्याओने 'इथे अलार्म आहे' असं छापलेलं, दारावर लावायचं कंपनीचं चिकटपत्र दिलं. लोक ते वर कोपऱ्यात लावतात. हिने ते किल्लीच्या भोकाच्या अगदी वर लावलं.

"चोराला वाचून दाखवायचंय का?" मी थट्टेने म्हटलं.

ती हसली नाही. "वाचू दे. वाचून परत जाऊ दे."

त्यानंतर तिची झोप गेली. गणवेशावरचे आकडे चुकू लागले. एका पोराच्या सदऱ्यावर दुसऱ्याचंच नाव भरून बसली. एकदा भर दुपारी भोंगा वाजला. मी धावले, रक्षकही आला. ती दोरा कापायची कात्री मुठीत घट्ट धरून जिन्यात उभी होती, चेहरा पांढराफटक. रक्षकाने घर धुंडाळलं आणि सांगितलं की सेन्सरवर पाल बसली होती. "पाल होती?" तिने पुन्हा पुन्हा विचारलं. "नक्की पाल?" मग खाली बसून हसत सुटली. ते हसू मला बघवेना.

सूहुइचा रोज फोन येई. ती आईला सांगत होती, नुसतं कुलूप बदल, एवढा खटाटोप कशाला. तेच मीही एकदा बोलले.

"कुलूप बदललं तर तो दारात उभा राहील आणि किल्ली लागणार नाही," आ-चान म्हणाली. "म्हणजे मी त्याला तोंडावर सांगितल्यासारखंच झालं, की मला माहीत आहे."

"आणि अलार्म?"

"अलार्म चोरासाठी आहे."

आमच्यात आ-होंगचा विषय एवढाच निघाला. नाव तिने घेतलं नाही, मीही नाही.

भटक्या आत्म्यांना जेवू घालायचा भुतांचा महिना लागला. पौर्णिमेच्या पूजेला गल्लीतल्या प्रत्येक घरापुढे टेबल मांडलं होतं. कोंबडी, फळं, बिस्किटांचे पुडे, त्यात खोवलेल्या उदबत्त्या. वाट अशी भरून गेली होती की सायकलसुद्धा हातात धरून न्यावी लागे. आ-चाननेही टेबल मांडलं, उदबत्त्या लावल्या आणि त्या जळेपर्यंत काम उरकावं म्हणून आत गेली. शाळा उघडायला आल्या होत्या. आत गेल्यावर तिने अलार्म लावून घेतला. आता ती सवयच झाली होती.

मी माझ्या टेबलाशी बसून होते. गल्लीच्या तोंडाशी एक पांढरी गाडी येऊन थांबली. टेबलांमुळे तिला आत येता येईना. त्यातून आ-होंग उतरला.

त्या उन्हात त्याने जाड जाकीट घातलं होतं. गाल बसले होते. एरवी लांबूनच "काकू, जेवलात का?" म्हणून ओरडणारा पोरगा, माझ्याकडे न बघता टेबलांच्या मधून वाट काढत गेला. दाराशी पोहोचला, किल्ली काढली आणि थांबला. ते चिकटपत्र त्याच्या नाकासमोरच होतं. त्याने ते वाचलं. मान वळवून गाडीकडे पाहिलं. गाडीत दोघे जण बसले होते, त्यांतल्या एकाने काच खाली घेऊन हात हलवला, चल चल म्हणून.

आ-होंगने किल्ली फिरवली आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.

आत काय झालं ते आ-चानने मला नंतर सांगितलं. टिकटिक ऐकून ती जिन्यात आली. खाली तो पेटीसमोर उभा होता.

"आई, हे काय आहे? नंबर सांग."

तिने कठडा धरला.

"आई, लवकर. घराचे कागद आणि तुझा सहीचा शिक्का एवढंच घेऊन जातो. परत येणार नाही मी. नंबर सांग."

टिकटिक जलद होत गेली. ती म्हणते, नंबर जिभेवर होता. पोर लहानपणी तापाने फणफणला असताना जसा बघायचा, तसाच बघत होता.

"हे बंद नाही झालं तर ते मला सोडणार नाहीत, आई."

"वाजू दे," ती म्हणाली.

आणि भोंगा वाजला.

बाहेर माझ्या हातातला उदबत्तीचा पुडा पडला. पाठोपाठ फोन वाजला. कंपनीची मुलगी विचारत होती की बाई फोन उचलत नाहीत, तुम्ही बघाल का, आमची गाडी निघाली आहे. मी बघतच होते. पांढऱ्या गाडीतला एक जण उतरून गल्लीत शिरला होता. धिप्पाड, काळा चष्मा. पण भोंग्याने सगळी गल्ली आपापल्या टेबलाशी उभी राहिली होती, आणि मधून तो एकटा परका चालत येत होता. माशाचे गोळेवाली त्याच्या वाटेत जाऊन उभी राहिली.

"कोणाकडे जायचंय?" तिने विचारलं.

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग आमच्या सगळ्यांकडे. कोणीतरी फोन वर धरून त्याचा फोटो काढत होतं. तो वळला आणि घाई नसल्यासारखा परत गेला. गाडी मात्र घाईने गेली.

मी दार ढकललं. आ-चान जिन्याचा कठडा धरून उभी, आ-होंग कानांवर हात ठेवून पेटीपाशी. दोघांच्या मधे कोणीही नाही, आणि तरी दोघेही जागचे हलत नव्हते. मी भोंगा बंद करायला सांगितलं तेव्हा कुठे ती खाली उतरली आणि त्याच्याकडे पाठ करून नंबर दाबला.

तेवढ्यात रक्षक आला. हेल्मेट, हातात दांडा.

"मावशी, हा कोण?"

"माझा मुलगा."

रक्षकाने दांडा खाली घेतला. त्याच्या तोंडावर हसूसुद्धा आलं. "मग चुकून वाजला म्हणायचं. तसं कळवतो मी."

तिने नुसतं 'हो' म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. मला खरं तर वाटलं ती तेच म्हणेल. तिने पदराशी चाळा करावा तसा गळ्यातल्या माप घ्यायच्या फितीशी चाळा केला.

"नाही," ती म्हणाली. "चुकून नाही. पोलिसांना बोलवा."

आ-होंग तिथेच फरशीवर बसला. मला वाटलं तो आता ओरडेल, आईला बोलेल. त्याने मान वर करून मला विचारलं, "काकू, गाडी गेली का?"

"गेली."

त्याने गुडघ्यांत डोकं घातलं. खांदे हलू लागले. आ-चान त्याच्या शेजारी फरशीवर जाऊन बसली. हात लावला नाही, पण बसली.

पोलीस ठाण्यात त्याने सगळं सांगितलं. फोनवरून म्हाताऱ्यांना गंडवणाऱ्या टोळीत तो नोकरी समजून शिरला होता, आणि निघतो म्हणाला तेव्हा त्यांनी निघू दिलं नव्हतं. घड्याळ, बांगड्या, देवीची पट्टी, सगळं त्यांच्याच घशात गेलं. ताइचुंगला काही जणांना धरलं. आ-होंगलाही शिक्षा झाली, पण स्वतःहून सांगितलं म्हणून कमी झाली.

गल्लीत काहींनी आ-चानला दगडाच्या काळजाची म्हटलं. पोटच्या पोराला कोणी पोलिसांच्या हवाली करतं का, असं तिच्या पाठीमागे बोलणं चाले. त्यांना गोळेवालीनेच चांगलं झापलं.  शाळा उघडायच्या आत आ-चानने सगळे गणवेश पोहोचते केले.

आ-होंग पुढच्या हिवाळ्यात सुटून आला. आता सोयाबीनचं दही बनवणाऱ्या कारखान्यात पहाटपाळीला असतो. सूहुइ अजून त्याच्याशी बोलत नाही. थडगी साफ करायच्या सणाला आली तेव्हा हॉटेलात उतरली. आ-चानने तिला आग्रह केला नाही. सुटकेच्या अटीप्रमाणे आ-होंगला ठरल्या दिवशी हजेरीला जावं लागतं. आ-चान मशीन बंद करून बरोबर जाते आणि बाहेरच्या बाकावर बसून राहते. परत येताना दोघं देवळाजवळ बदकाचं दाट सूप पितात. एकदा मी तिथेच होते.  तिने आपल्या वाडग्यातले मांसाचे तुकडे त्याच्या वाडग्यात टाकले, तो "पुरे, आई" म्हणाला, आणि तिने आणखी एक टाकला.