श्रावणातलं जपानी सूप

१२ ऑगस्ट. उद्यापासून श्रावण, म्हणून खायच्या सोड्याच्या पाण्यानं फ्रीजमधला मासळीचा वास घालवत होते आणि जपानमधला एक मुक्काम आठवला.

बारा वर्षांपूर्वी, श्रावणातच, आम्ही सहलीला गेलो होतो. डोंगरातल्या छोट्या हॉटेलात सत्तरीच्या मालकीणबाईंनी गुडघ्यांवर बसून माझ्यापुढे सूपची वाटी ठेवली. समुद्राचा वास आला.

"यात मासळी आहे," मी म्हणाले.

"नाही हो काकू, मुद्दाम विचारलंय," आमची गाईड नेहा म्हणाली.

"मला नको शिकवू. वसईची आहे मी. सुकटीचा वास झोपेतही ओळखेन."

मी वाटी दूर सारली, नाकाला रुमाल लावला आणि पिशवीतला चिवडा काढला. बाईंनी मान लववून वाटी उचलली.

मग नेहानं हळूच सांगितलं, "त्यांच्याकडे रोजचं सूप माशाचंच असतं. तुमच्यासाठी वेगळ्या पातेल्यात समुद्री शेवाळाचं केलं होतं. सकाळपासून भिजत घातलं होतं त्यांनी."

मी चिवडा परत पिशवीत ठेवला. माझं नाक खरं ठरवायला मी त्या बाईला सगळ्यांदेखत खोटं ठरवलं होतं. आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला बाईंनी माझ्यापुढे सीलबंद पावाचं पाकीट ठेवलं. मी सगळ्यांदेखतच उठले, नेहाला घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि कालचं सूप मागितलं.