निर्वैरची गाणी कोण फोडतं?

निर्वैर ढींडसाने पहिला कॅमेरा हातात घेतला तो लग्नांसाठी. पंजाबातल्या मानसाच्या आसपासच्या गावांतून त्याने रुसलेले नवरदेव आणि नोटा उधळणारे काका टिपले. नाचणाऱ्याचा चेहरा नेमका कधी खुलतो, हे त्याला कळायचं. एका नवख्या गायकाने त्याला गाण्याचा व्हिडिओ करायला दिला, तो गाजला आणि बघता बघता मोहालीत त्याचं ऑफिस झालं. मी तिथे एडिटिंग करायचो. कॅमेरा बलजोरकडे, तो लग्नांच्या दिवसांपासूनचा सोबती.

मग कंबाइनचं प्रकरण झालं. आमच्या गाण्यात नवरदेव गहू कापायच्या कंबाइनवर बसून वरात आणतो. आमचं गाणं यायच्या आधीच बठिंड्याच्या एका दिग्दर्शकाचं आलं. त्यातही वरात कंबाइनवरच. चोर ठरलो आम्ही. पुढची कल्पना, आखाड्यात पहिलवानांना चितपट करणारी नायिका, तीही तशीच गेली.

"आपल्यातलाच कुणीतरी फोडतोय," निर्वैर मला म्हणाला. "तू बलजोरबरोबर जेवतोस. तो फोनवर कुणाशी बोलतो?"

"बायकोशी. शिव्या खातो तिच्या."

"बायकोच असते कशावरून?"

त्या दिवसापासून बलजोरचा फोन वाजला की माझेही कान टवकारायला लागले. बलजोर माझ्याकडे तिरक्या नजरेने बघायचा. मी खोलीत शिरलो की निर्वैर कागद पालथे घालायचा. चहासुद्धा जो तो आपापल्या कोपऱ्यात प्यायला लागला.

बलजोर मेव्हण्याकडे बठिंड्याला जाऊन आल्याचं कळलं, तेव्हा निर्वैरने सगळ्यांदेखत त्याला विचारलं, "तिथे कुणाला भेटलास?"

बलजोरने कॅमेरा टेबलावर ठेवला. "पाजी, हे विचारावंसं वाटलं ना तुला, मग झालं," म्हणाला आणि गेला.

पुढच्या गाण्याबद्दल निर्वैरने ऑफिसात चकार शब्द काढला नाही. महिन्याभरात बठिंड्याच्या गाण्याची झलक आली: सतलजच्या पात्रात नाव, नावेत नायिका आणि तिची म्हैस. निर्वैर पांढराफटक पडला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस? म्हशीचं मला आत्ता कळतंय."

त्याने झलक बंद केली. "घरी बापूजींना बोललो होतो," तो म्हणाला.

आम्ही गावी गेलो. बापूजी अंगणात खाटेवर मटार सोलत बसले होते.

"सांगितलं की," ते सहज म्हणाले. "शेजारच्या हवालदाराला रोज सांगतो. त्याचा भाचाही बठिंड्याला तुझ्यासारखीच गाणी करतो. किती आवडीने ऐकतो बिचारा."

"बापूजी, तो भाच्याला पुरवत होता सगळं."

"मग पोराचं कौतुक भिंतींना सांगू?"

निर्वैर तिथूनच बलजोरच्या घरी गेला. बलजोरने लस्सी दिली, सगळं ऐकून घेतलं. "चुकलास, ते कबूल केलंस, बरं वाटलं," तो म्हणाला. "पण मी परत आलो आणि पुन्हा काही फुटलं, तर तू आधी माझ्याकडेच बघशील." निर्वैरने लस्सी संपवली आणि तो निघाला.

आता दुसरा कॅमेरामन आहे. निर्वैरचं काम चांगलं चाललंय. गावी गेला की जेवताना बापूजी विचारतात, "नवीन काय?" तो म्हणतो, "काही नाही, तेच नाचगाणं." हल्ली बापूजी गुपचूप मला फोन करतात. "हा माझ्यापासून काही लपवतोय का रे?"

मी म्हणतो, कामात असतो. त्यांचा विश्वास बसत नाही.