शेवटच्यानं खुणा मोडायच्या

खंडाळ्यात राजमहंमदचं घर विचारलं की लोक उलट विचारतात, "कोणता? स्काउटवाला का?" माणसाचा उभा जन्म रेल्वेच्या घाटातल्या लाइनीवर गेला. दरडी उचलल्या, रूळ सांभाळले, पण त्या नोकरीवरून त्याला कुणी ओळखलं नाही. ओळखलं ते गळ्यातल्या हिरव्या स्कार्फवरून. रविवार उजाडला की जैतुनबीच्या हातचा चहा उभ्या उभ्या घशाखाली ओतायचा आणि मैदान गाठायचं. ती म्हणायची, "निकाह माझ्याशी झाला, पण नांदता पोरांबरोबर." तो हसून शिट्टी गळ्यात अडकवायचा.

स्काउटचं पथक काही त्यानं काढलेलं नव्हतं. रेल्वे कॉलनीतली पोरं शाळा सुटली की रुळांवर हुंदडायची, त्यांना वळण लागावं म्हणून शाळेतल्या जुन्या मास्तरांनी ते सुरू केलं. त्या हुंदडणाऱ्या पोरांत राजमहंमदही होता. मास्तर थकले तेव्हा त्यांनी पथक याच्या हाती दिलं, आणि यानं ते देवघरातल्या वस्तूसारखं जपलं. एक रीत इकडची तिकडे होऊ दिली नाही. हात मिळवायचा तो डावा. झेंडा घडी करून वर चढवायचा, आत फुलं ठेवायची, आणि एका हिसक्यात उघडायचा. स्कार्फ आणि शिट्टी मिळणार ती शपथ घेतल्यावरच, त्याआधी कितीही रडा.

सगळ्यांत मोठी रीत मागोव्याची. गणपती उठून गेले, पाऊस ओसरला, की एका रविवारी भुशी धरणाच्या मागून पठारावर चढायचं आणि पलीकडे खंडाळ्याच्या अंगाला उतरायचं. मोठी पोरं आधी पुढे जाणार आणि वाटेवर दगडांच्या खुणा मांडणार. बाण म्हणजे इकडून या, फुली म्हणजे इकडे पाऊल टाकू नका. मागची पोरं त्या खुणांवरून वाट काढणार. आणि जो सगळ्यांच्या शेवटी असेल, त्यानं प्रत्येक खूण मोडून दगड विखरून टाकायचे, म्हणजे दुसरा कुणी वाटसरू आपल्या खुणांनी चकायला नको. उतरल्यावर त्यानं मोठ्यानं सांगायचं, "सगळ्या मोडल्या." मग नव्या पोरांची शपथ.

हल्ली पोरं मिळेनाशी झाली होती. कुणाला क्लास, कुणाच्या घरी रविवारी पर्यटकांची झुंबड. म्हणून भुशीच्या पवनमध्ये राजमहंमदचा जीव अडकला होता. पोरगं चुणचुणीत, सांगितलेलं एकदा ऐकलं की पक्कं. त्याची आई हिरा धरणाच्या वाटेवर मक्याची कणसं भाजून विकायची. नवरा जाऊन काही वर्षं झाली होती, आणि घरात ही दोघंच. राजमहंमद स्वतः तिच्या टपरीवर गेला.

"चाचा, रविवारी तर माझा धंदा असतोय," हिरानं पंखा हलवता हलवता तोंड सोडलं. "ह्यो तुमच्यामागं हिंडला तर कणसं कोण भाजंल? तुमी बसताय का हितं?"

"एक रविवार दे पोरी. शपथ हाय त्याची."

"शपथ घ्यायचीच तर आईला उलट बोलणार न्हाई म्हणून घ्यायला लावा की!"

टपरीच्या छत्रीमागं पवन खुदकन हसला. तिनं त्याच्याकडे डोळे वटारले आणि मग तिचाच चेहरा सैल पडला. "एकच रविवार. लय वाडूळ लावू नका. माझं एवढंच हाय, चाचा."

"मला ठावं हाय," तो म्हणाला.

त्या रविवारी पठारावर धुकं उतरलं ते जणू कुणी ओलं धोतर अंगावर टाकावं तसं. चार पावलांवरचा माणूस दिसेना. परतावं, असं राजमहंमदच्या मनात आलं होतं. पण मास्तरांच्या वेळेपासून मागोवा कधी मोडला नव्हता, आणि पथकाची आधीच रया गेलेली. तो म्हणाला, चला.

पलीकडे उतरून पोरं झाडाखाली गोळा झाली. शेवटी होता सुरज, पथकातला सगळ्यांत जबाबदार मुलगा. तो धापा टाकत आला, ताठ उभा राहिला. "चाचा, सगळ्या मोडल्या."

राजमहंमदनं त्याची पाठ थोपटली. झेंड्याची दोरी हातात घेतली. पहिलं नाव पुकारलं, "पवन!"

कुणी पुढे आलं नाही.

"पवन कुटं हाय?"

पोरं एकमेकांकडे बघू लागली. सुरजचा चेहरा उतरला. "ओढ्यापर्यंत माझ्या पुढेच होता, चाचा. मला वाटलं, मीच शेवटचा."

पोरगं लघवीला म्हणून झुडपाआड गेलं असेल. धुक्यात सुरज त्याला ओलांडून पुढे आला, आणि पुढची एकेक खूण मोडत आला. ओढ्याच्या पुढेच फाटा होता. उजवी वाट खाली गावाकडे, डावी थेट कड्यावर.

"फाट्यावरची फुली?" त्यानं विचारलं.

"ती पण मोडली."

"ती बी?"

"तुम्हीच सांगता ना चाचा, एकही ठेवायची नाही म्हणून!" सुरज रडायला लागला.

त्याच्यावर रागवायला राजमहंमदपाशी तोंडच नव्हतं. मोठ्या पोरांच्या हाती बाकीच्यांना खाली धाडलं, पोलिसांना आणि हिराला कळवायला सांगितलं, आणि स्वतः सुरजला घेऊन चढणीला लागला. फाट्यावर आला तर दगड असे विखुरलेले की इथे कधी खूण होती हे कुणाला सांगूनही पटलं नसतं. सुरजनं काम चोख केलं होतं.

त्यानं शिट्टी फुंकली. थांबला. पुन्हा फुंकली. धुक्यात आवाज कापसात शिरल्यागत शिरायचा. पलीकडे कुठेतरी पाणी कोसळत होतं, तेवढंच ऐकू यायचं. "या परवरदिगार, माझं काय उरलंय आता? मला घे," तो पुटपुटत होता, आणि पुन्हा फुंकत होता.

दुपार कलली तशी हिरा आली. टपरी तशीच टाकून आलेली, हात कोळशानं काळे, पायात चप्पल नाही. तिच्याबरोबर दोर घेतलेली बचाव पथकाची पोरं होती, ती सरळ डाव्या वाटेनं गेली. हिरा राजमहंमदसमोर येऊन थांबली.

"मघापासनं शिट्टी ऐकतीया मी. पवन का वाजवीत न्हाई?"

"त्याच्यापाशी न्हाई शिट्टी."

"का न्हाई?"

"शपथ झाल्याबिगर देत न्हाई आमी."

"मंग त्याची कुटं हाय?"

राजमहंमदनं खिशातून हात बाहेर काढला. नवी शिट्टी, जैतुनबीनं इस्त्री केलेल्या स्कार्फमध्ये गुंडाळलेली. हिरानं ती हातात घेतली नाही. नुसती बघत राहिली.

"नवरा मेला तवा लोक म्हणली, नशीब," ती हळू आवाजात म्हणाली. "ह्याला काय म्हणू, चाचा? रीत?"

ती दगडावर बसली, डोळे मिटले आणि 'बुद्धं सरणं गच्छामि' म्हणू लागली. मध्येच शब्द विसरायची, पुन्हा पहिल्यापासून धरायची. सुरज तिच्यापासून लांब, ओल्या गवतात उकिडवा बसला होता. त्याला जवळ बोलवायचंही कुणाला सुचलं नाही.

संध्याकाळच्या सुमाराला कड्याकडून ओरडा ऐकू आला. हिरा उठली ती धावतच सुटली. राजमहंमद मागे. कड्याच्या कडेला ओल्या मातीत बूट घसरल्याची लांब रेघ होती, आणि खाली कारवीच्या झुडपात पोरगं अडकलेलं. जिवंत होतं.

दोरांवरून वर घेतलं तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. उजवा पाय गुडघ्याखाली नको त्या बाजूला वळला होता. हिरानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तिच्या काळ्या बोटांचे ठसे त्याच्या गालावर उमटले. राजमहंमद वाकला तेव्हा पवननं डोळे उघडले.

"चाचा, खूण घावंना," तो म्हणाला. "तुमी सांगितलं व्हतं, घावली न्हाई तर आधीच्या खुणेपाशी माघारी जायचं. मी गेलतो. पर तिबी नव्हती."

राजमहंमद तिथेच खाली बसला, आणि बचाव पथकाच्या पोरांनी त्याला धरून उतरवलं.

लोणावळ्याच्या दवाखान्यात पवनला आत नेलं. पायाला रक्त पोचतंय की नाही ते बघावं लागेल, डॉक्टर म्हणाले, आत्ता काही सांगता येणार नाही. बाहेरच्या बाकावर हिरा बसली. समोर भिंतीला टेकून राजमहंमद उभा. सुरजचे वडील आले, पोराला दंडाला धरून घेऊन गेले. जाताना म्हणाले, "पथकातून आमच्या मुलाचं नाव काढून टाका." राजमहंमदनं मान हलवली.

मग तो हिरापाशी गेला. "आजपासनं पथक बंद, हिरा. माझ्या हातनं परत न्हाई व्हणार."

"बंद करून काय व्हणार?" तिनं वर बघितलं. तिचे डोळे कोरडे होते. "तुमाला बरं वाटंल. माझ्या लेकाचा पाय जोडंल का?"

मघाशी पाहिलेला पोराचा पाय राजमहंमदच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. शरमेनं मेल्यागत झालं. तो दाराकडे वळला.

"कुटं निघालात?"

"घरला. माझं तोंड कशाला बघतीस?"

"बघायचंय मला," हिरा म्हणाली. "आत काय व्हतंय ते कळंपतूर हितून हलायचं न्हाई. घरी जाऊन रडू नका. हितं, माझ्यासमोर बसा."

राजमहंमद बसला. बाहेर अंधार गडद झाला. नमाजाची वेळ झाली तशी त्याची चुळबुळ सुरू झाली. उठावं तर तिची परवानगी कशी मागावी, ते कळेना. हिरानं ते पाहिलं. तिनं बाकावरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि पुढ्यातली फरशी मोकळी केली.

"हितंच करा," ती म्हणाली. "आन् पयलं पवनचं नाव घ्या."