आषाढातला तलाव

सिंदेवाहीच्या टायपिंगच्या वर्गात शिकवून उरलेल्या वेळात भूपेश मारबतेने चार वर्षं खपून मोबाइलवरचा एक खेळ तयार केला होता. आपल्या गावच्या तलावात जाळं टाकून मासे धरायचे, एवढाच खेळ. बाजारातले रिचार्जवाले तो मेमरी कार्डात भरून देत. २००९ साली एका मोठ्या मोबाइल कंपनीने आपल्या ऑनलाइन दुकानात तो देशभर विकायची तयारी दाखवली. अट एकच होती. आषाढात मासोळी अंड्यावर येते म्हणून खेळातलं जाळं पावसाळाभर बंद राही. ते बारा महिने चालू ठेवायचं.

भूपेशने बापाला, रामाजीला विचारलं. तो अंगणात जाळं सांधत बसला होता.

"बाबा, आषाढातबी जाळं टाकू देऊ का? खेळच तं आहे."

"मंग मले काऊन विचारून राह्यला? खोटा तलाव, खोटी मासोळी."

"तुमाले चालन?"

"चालन. फक्त आपल्या गावाचं नाव काढ त्याच्यावरून. लोक म्हणतीन, मारबत्याचा पोरगा अंड्यावरची मासोळी मारून राह्यला."

नाव पुसायला एक मिनिटही लागलं नसतं. भूपेश संगणकासमोर बसला. दुसऱ्याच कुठल्या तलावासाठी चार वर्षं डोळे फोडले असते का, याचं उत्तर त्याला ठाऊक होतं. अट मान्य नसल्याचं त्याने कंपनीला दोन ओळींत कळवलं. सुटल्यासारखं काही वाटलं नाही. डोळ्यांवर पाणी मारून तो दुपारच्या वर्गाला गेला.